दोन वाजताचा आकडा

दसऱ्याच्या सकाळी दाराला तोरण बांधताना माझ्या लक्षात आलं, की सहाचा मेसेज आलेला नाही.

मी ज्या रक्तपेढीचे संगणक सांभाळते, तिथला सर्व्हर रोज सकाळी सहाला माझ्या फोनवर एक ओळ पाठवतो: फ्रिज ठीक. हे काम करणारा एक छोटा प्रोग्रॅम आहे. तो पडद्यामागे चालतो, कुणाला दिसत नाही. आम्ही त्याला सर्व्हिस म्हणतो. रक्ताच्या फ्रिजमधला सेन्सर दर पंधरा मिनिटांनी तापमान टिपतो, सर्व्हिस ते आकडे उचलून आणते आणि पारा सहा अंशांच्या वर गेला की आमच्या फोनवर बोंब मारते. उन्हाळ्यात मीच ती बसवली. आता बोंब नव्हती, पण 'ठीक'ही नव्हतं. पेढीत फोन लावला, कुणी उचलला नाही. तोरण अर्धं लोंबत सोडून स्कूटी काढली.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. सर्व्हरला चालू असतानाच हळदकुंकू लावायची पद्धत, पण यंदा आमचे सर म्हणाले, "पूजेपुरती तरी विश्रांती द्या की त्याला." मी अकराला सर्व्हर बंद केला, नारळ फुटला, पुन्हा चालू केला. मग कमांड देऊन कोलमडलेल्या सर्व्हिसची यादी मागवली. शून्य. पेढा खाल्ला आणि घरी गेले.

पेढीच्या खिडकीशी एक माणूस चिठ्ठी घेऊन उभा होता. मोहोळकडचा. बायकोचं बाळंतपण झालेलं, रक्तस्राव थांबत नव्हता. एक पिशवी काल दुपारी नेऊन चढवली होती, आता दुसरी हवी होती. आत आमच्या सर्वांत जुन्या टेक्निशियन, अक्का, फ्रिजकडेच निघाल्या होत्या.

"अक्का, थांबा. आधी तापमान बघा."

"अय्यो, सणाच्या दिवशी तू कशी गं हितं?" म्हणत त्यांनी फ्रिजच्या दारावरची कालच्या पूजेची झेंडूची माळ बाजूला सारली. माळेखाली तापमानाचा आकडा झाकला गेला होता. अकरा.

मी दार ओढून बघितलं. माळेचा दोरा दाराच्या रबरात अडकला होता. दार लागल्यासारखं दिसत होतं, पण फट राहिली होती. फ्रिजचा स्वतःचा भोंगा बिघडलेला. दुरुस्तीवाला "दसऱ्यानंतर येतो" म्हणाला होता.

"मॅडम, पिशवी देताय न्हवं?" खिडकीतून आवाज आला.

अक्कांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. पहिली पिशवी दिल्याची वेळ: दुपारी दोन. त्यानंतर एकही पिशवी गेली नव्हती. पूजा अकराची. मधल्या तीन तासांत फ्रिज तापला होता की नव्हता, एवढाच प्रश्न होता. ते रक्त त्या बाईच्या अंगात जाऊन बसलं होतं.

मी सर्व्हरसमोर बसले. कोलमडलेल्यांची यादी पुन्हा मागवली. पुन्हा शून्य. काल याच शून्यावर मी घरी गेले होते. मग त्या सर्व्हिसचं नाव घालून तिची एकटीची हालत विचारली. उत्तर आलं: बंद. आणि शेजारी: सर्व्हर सुरू झाल्यावर उठवायची सूचना नाही. नोंदी काढल्या. शेवटची ओळ काल अकराची, 'थांबवली'. त्यानंतर काही नाही.

ती कोलमडून पडलीच नव्हती, सर्व्हरबरोबर नीट थांबली होती, म्हणून पडलेल्यांत दिसत नव्हती. उन्हाळ्यात मी ती हाताने सुरू केली आणि सर्व्हरबरोबर आपोआप उठ असं सांगायचं विसरले. तेव्हापासून सर्व्हर कधी बंदच झाला नव्हता. कोण पडलं, हे मी विचारलं होतं. कोण उठलंच नाही, हे विचारलं नव्हतं.

आकडे आता फक्त सेन्सरच्या पोटात होते, आणि त्याच्यात किती तास मावतात ते मला आठवेना. जुने पुसून नवे लिहीत असेल तर दोनचा आकडा गेला. सुरू करायची कमांड टाइप करताना तीनदा चुकले.

सर्व्हिस सुरू केली. काही क्षण पडदा तसाच राहिला. मग वेळ आणि तापमानाच्या ओळी यायला लागल्या. सव्वाअकरा, चार. बारा, चार पॉइंट तीन. एक, चार पॉइंट नऊ. दोन, पाच पॉइंट चार.

अक्का मागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर जोरात चापट मारली. "वाचलो गं!"

पावणेतीनला तापमानाने सहा अंश ओलांडले होते. रात्रभर चढतच होतं. फ्रिजमधली एकही पिशवी आता कुणाला देता येणार नव्हती.

खिडकीशी मीच गेले. "इथली पिशवी मिळणार नाही. फ्रिज तापलाय. चूक माझी आहे."

त्याने चिठ्ठी मागे ओढली. "आन् कालची? ती चांगली हुती का न्हाय, तेवढं सांगा की."

"चांगली होती."

"नक्की?"

मी त्याला आत घेतलं आणि पडद्यावर दोनच्या ओळीवर बोट ठेवलं. त्याने आकडा दोनदा वाचला, मग काल पिशवी नेल्याची पावती खिशातून काढून वेळ ताडून पाहिली. त्याच्या जागी मीही हेच केलं असतं.

तोवर अक्कांनी दुसऱ्या रक्तपेढीत फोन करून पिशवी ठरवली होती. बायकोच्या रक्ताचा नमुना आणि बर्फाची पेटी घेऊन तो निघाला. जाताना फ्रिजवरच्या माळेकडे बघून मला म्हणाला, "देवाला हार घाला, बाई. फ्रिजला कशाला?"

साडेदहाला त्याच्या बायकोच्या वॉर्डातून कळलं, दुसरी पिशवी लागली, रक्तस्राव थांबत आलाय. तोपर्यंत मी खुर्चीवरून उठले नव्हते. मग सर्व्हिसला आपोआप उठायची सूचना दिली, सर्व्हर पूर्ण बंद केला आणि पुन्हा चालू केला. यादी मागवली नाही. तिचंच नाव घालून विचारलं. उत्तर आलं: चालू.

अक्का कात्री घेऊन माळ कापत होत्या. त्यातली चार फुलं त्यांनी माझ्या पर्समध्ये टाकली. घरी तोरण अजून लोंबत होतं, ते पुरं करायला.