उपडा कप

त्या दिवाणखान्यात आम्ही नऊ माणसं होतो. आठ जणांच्या हातात निळ्या फुलांचे चिनी मातीचे कप. माझ्या हातात कागदाचा.

कप कमी पडले असतील, असं मी आधी स्वतःला सांगितलं. पण समोरच्या काचेच्या कपाटात तसलेच चार कप रिकामे होते. शेजारची गोरी बाई चहाला आली होती, तिलाही निळ्या फुलांचा कप मिळाला होता.

ग्लासगोत येऊन मला सात दिवस झाले होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सरकारी शिष्यवृत्ती मिळवून इंजिनिअरिंगचं पुढचं शिकायला आलो होतो. बोलायला कोणी नव्हतं. लोकांचं इंग्रजी मला कळेना, माझं त्यांना कळेना. तिसऱ्या दिवशी एका दुकानात भाजी बघत उभा होतो, तर मागून आवाज आला, "हे मिरची त लय फिकी दिसून राह्यली."

मी गर्रकन वळलो. डोळ्यांत पाणी आलं, ते लपवलं नाही. तो माणूस आमच्याच भागातल्या पांढुर्ण्याचा निघाला. तिथल्या दवाखान्यात डॉक्टर. सोबत बायको होती.

"मी मोहगावचा," मी म्हणालो.

"अरे बापा! मंग माहेरचेच झाले तुमी," बाई म्हणाली. "माझं माहेर सौंसर. मले ताई म्हना."

तिथूनच त्यांनी मला घरी नेलं. आडनाव विचारलं, मी सांगितलं. आमचं आडनाव कुणब्यांतही चालतं. दोघांनी आपल्याला हवा तो अर्थ लावला आणि मी गप्प राहिलो. खोटं बोललो नाही, पण खरंही बोललो नाही. मला ते घर हवं होतं. ती बोली हवी होती. पांढुर्ण्याच्या गोटमारीच्या जत्रेतल्या दगडांपासून संत्र्याच्या बागांपर्यंत सगळं बोलून झालं. ताईंनी दोनदा चहा केला. रविवारी जेवायलाच या, म्हणाल्या.

निघताना मी माझा कप घेऊन स्वयंपाकघरात गेलो. त्या देशात आपला कप सगळेच धुतात, त्यात काही नवल नाही. नळाखाली धुतला. शेजारी तारेची जाळी होती, घरातले सगळे कप तिच्यात. माझा हात ती जाळी ओलांडून गेला आणि त्याने कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. एकटा. उपडा.

"भाऊ," ताई मागे उभ्या होत्या. "कप तिकडं काऊन ठेवला?"

मी कपाकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे.

"सवय हाय," मी म्हणालो.

सौंसरच्या बाईला आणखी काही सांगावं लागत नाही. मोहगावाहून आम्ही बाजाराला तिथंच जायचो. तिथल्या स्टँडजवळच्या हॉटेलाबाहेर एक फळी होती. आमच्या वस्तीचे कप तिच्यावर, कान तुटलेले. बाहेर उभं राहून चहा प्यायचा, डब्यातल्या पाण्याने कप धुवायचा, फळीवर उपडा ठेवायचा. मी सहा वर्षांचा असताना बाबांनी मला ते शिकवलं. "नीट धुव. थेंब दिसला त मालक वरडते." मी इतका लख्ख धुवायचो की बाबा कौतुकाने पाठीवर हात ठेवायचे. मला त्याचा अभिमान होता. आज हे लिहिताना त्या अभिमानाचीच सगळ्यात जास्त किळस येते.

ताई एवढंच म्हणाल्या, "बरं." मला सोडायला दारापर्यंत आल्या नाहीत.

तरी मी रविवारी गेलो. समजलं होतं, तरी गेलो. मन निर्लज्ज असतं. त्यांच्या ओळखीची आणखी पाच मराठी माणसं आली होती. जेवताना मला कागदाची ताटली दिली, तेव्हाही मी मान खाली घालून जेवलो. मग चहा आला. कागदाचा कप गरम चहाने मऊ पडत चालला आणि माझी बोटं भाजू लागली.

"ताई, मले कपात द्या," मी म्हणालो.

"तुमच्यासाठीच आनले भाऊ. धुवाची कटकट नाई."

"मंग या बाईले काऊन नाई दिला?"

डॉक्टर उठले, मला कोपऱ्यात घेऊन गेले. हळू आवाजात म्हणाले, "इथं तमाशा नोका करू. मी काई मानत नाई. हिच्या माहेरची रीत हाय. तुमाले त मालूमच हाय."

"मालूम हाय," मी म्हणालो.

साडेसात हजार किलोमीटर ओलांडून ते डॉक्टर झाले होते, आणि ती फळी सामानात बांधून आणली होती. आणि मी? माझ्या हातात मीही तीच आणली होती. राग त्यांचा आलाच. त्याहून जास्त माझ्या हाताचा आला.

मी कागदाचा कप कचऱ्यात टाकला. काचेचं कपाट उघडलं, निळ्या फुलांचा कप काढला, किटलीतून चहा ओतून घेतला. सोफ्यावर मधोमध बसलो आणि कडेला ओठ लावून प्यायलो, सावकाश. गोऱ्या बाईला काही कळलं नाही. शहर आवडलं का, असं तिने विचारलं. थंड आहे, मी म्हणालो.

चहा संपला. कप मी धुतला नाही. तळाला चहा तसाच ठेवून तो त्यांच्या कपांच्या मधे ठेवला, सरळ. मग कोट घातला आणि निघालो.

ताईंनी तो कप धुतला की फेकला, मला माहीत नाही. पुढची तीन वर्षं त्या शहरात माझ्याशी मराठीत कोणी बोललं नाही. त्यांच्या ओळखीचे लोक मला पाहून रस्ता बदलायचे. त्याचा त्रास झाला. खूप झाला. पण त्या घरी परत गेलो नाही.

त्या रविवारी संध्याकाळीच मी बाबांना पत्र लिहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, धाकटी बहीण वाचून दाखवणार होती. म्हणून सोपं लिहिलं.

"बाबा, त्या फळीवरचा चहा आजपासून बंद करा. मी आलो की आपण दोघं आत जाऊन बाकावर बसू. मालक वरडला तर वरडू द्या. चहा पिऊ आणि कप तिथंच उष्टे सोडून उठू. धुवायचे नाहीत."