बोकडाचं लॉकेट

माणूस देव सोडतो तो त्याच्या आयुष्यातला सर्वांत एकाकी क्षण असतो, असं जाड ग्रंथांत लिहिलेलं आहे. माझ्या भाच्यानं देव सोडल्याचं जाहीर केलं तेव्हा घरात चौदा माणसं होती आणि पुरण वाटायचं चाललं होतं.

शिमग्यासाठी तो पुण्याहून आईकडे आला होता. पोलादपूरच्या वरच्या अंगाला माझ्या ताईचं गाव. मीही महाडहून, शाळेतून रजा काढून, गेलो होतो. भाच्याच्या गळ्यात बोकडाच्या तोंडाचं लॉकेट होतं. चुलतीनं विचारलं, "कुठल्या देवाचं रे?"

"देवाचं नाही, काकी. सैतानाचं."

पुरणयंत्र फिरायचं थांबलं.

ताईचा चेहरा उतरला. मेहुणे वारले म्हणून गेल्या शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी तिच्या अंगणात आली नव्हती. यंदा येणार होती. अंगण सारवून दोन दिवस झाले होते आणि त्यावर ती कोणाला पाय ठेवू देत नव्हती. आता गावकीनं "या घरात नको" म्हटलं तर?

मी भाच्याला पडवीत नेलं. "शर्टाच्या आत घाल ते."

"का? मामा, तुम्ही तरी चार पुस्तकं वाचलेली आहेत."

असं म्हटल्यावर ऐकून घ्यावंच लागतं. त्यानं सांगितलं ते असं : त्याचा पंथ सैतान खरा मानतच नाही. कुणापुढे उगाच मान तुकवायची नाही, याची ती खूण. नियम आहेत ते दया करावी, विज्ञानाला धरून चालावं, ज्याचं शरीर त्याचा अधिकार, अशा धर्तीचे. त्याआधीचा एक जुना गट आहे. तोही सैतान मानत नाही, पण स्वतःलाच देव समजतो आणि काळे झगे घालून समारंभ करतो. आणखी काही लोक मात्र सैतानाला खरोखरची देवता मानून प्रार्थना करतात. यातले बरेचजण बाकीच्यांना नकली म्हणतात.

"म्हणजे भावकी," मी म्हणालो.

तो हसला. मग म्हणाला, "बाबांना सहा महिने भगताकडे नेलं, मामा. दवाखान्यात नंतर."

भगताकडे जाताना गाडी मीच चालवली होती.

संध्याकाळी गावकार आले. पालखी कुठल्या घरी जाणार हे त्यांच्या शब्दावर ठरतं. चहा संपवून त्यांनी लॉकेट मागून घेतलं, उलटंसुलटं पाहिलं.

"ह्याला काय लागतं? कोंबडा का नारळ?"

"काहीच नाही, आजोबा. तो मुळात नाहीच."

"दारू?"

"नाही."

"अंगात येतो?"

"नाही येत."

"मग धरतो तरी कोणाला?"

"कोणालाच नाही."

गावकारांना त्या सैतानाची कीव आली असावी. गावाच्या हद्दीवर वेताळ आहे, चेडा आहे, म्हसोबा आहे. वर्षातून एकदा प्रत्येकाला त्याचं राखणीचं द्यावं लागतं, आणि विसरलं तर गुरं आजारी पडतात अशी समजूत आहे.

"आपल्याकडं ह्याच्यापरीस वाईट हायत, मास्तर," ते मला म्हणाले. "ह्यो तर काय मागतच नाय." मग भाच्याला म्हणाले, "पालखीला खांदे कमी पडतायत. सगळी पोरं मुंबईला. दांडी धरशील, का तुझ्यात चालत नाय?"

भाच्यानं आईकडे पाहिलं. ती सारवणाच्या कडेला उभी होती.

"चालतं," तो म्हणाला. "आमचा पहिला नियमच दयेचा आहे."

"नियम तुझ्याकडं ठेव. उंची सारखी पायजे."

दुसऱ्या दिवशी पालखी ताईच्या अंगणात नाचली. पुढचा डावा खांदा भाच्याचा होता. नाचताना लॉकेट दांडीवर आपटत होतं, म्हणून त्यानं ते काढून आईकडे दिलं. तिच्या हातात आरतीचं ताट. तिनं लॉकेट तेवढ्यापुरतं देव्हाऱ्यात ठेवलं.

भाचा पुण्याला परत गेला, लॉकेट राहिलं. रोज सकाळी बाकीच्यांबरोबर त्यालाही एक जास्वंद मिळते.