पूजलेलं भंगार

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत माझी शेड आहे. तिथं जुने कॉम्प्युटर, प्रिंटर, मोबाइल फोडले जातात. आतल्या बोर्डांवर सोनं असतं, पॅलेडियम असतं, पण नखाच्या टोकावर मावेल इतकंच. ते बोर्ड काढून आम्ही धातू गाळणाऱ्या कारखान्याला पाठवतो. वडील उस्मानपुऱ्यात पौरोहित्य करतात. मुलगा काय करतो, असं कुणी विचारलं की ‘वाळूजला असतो’ एवढंच सांगतात. वाळूजला अर्धं शहर कामाला असतं, त्यामुळे पुढं कुणी विचारत नाही. मला मात्र ते फार लागायचं. शेडमध्ये त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

त्या वर्षी खंडेनवमीला कामगारांनी रिवाजाप्रमाणे हातोडे, पकडी, स्क्रू ड्रायव्हर पूजले. मी पेढे आणायला गेलो होतो. येऊन पाहतो तर फोडायला आलेल्या ढिगातल्या एकूण एक कॉम्प्युटरलाही हळदकुंकू, वर झेंडूची फुलं. भक्तीला आवर घालणारे आपण कोण? मीही हात जोडले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बोर्ड न्यायला गाडी यायची होती, आणि कुणी हातोडा उचलेना.

“साहेब, ज्याला हात जोडले त्यालाच फोडायचं व्हय?” आमच्याकडच्या सगळ्यांत जुन्या मावशी म्हणाल्या. “लई पाप लागंल. आधी उत्तरपूजा करा. तुमच्या तर घरातच गुरुजी हायेत.”

मंत्र पाठ करावे लागू नयेत म्हणून तर मी धातुशास्त्र शिकलो होतो. झक मारत वडिलांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“यजमान कोण?” त्यांनी विचारलं.

“मीच.”

“अंघोळ झालीय?”

स्कूटरवरून आले, सोवळं पिशवीत. भंगारावर अक्षता टाकत, एकही शब्द न गाळता त्यांनी साग्रसंगीत उत्तरपूजा केली. शेवटी देवांना पुन्हा यायची विनंती झाली, तशा मावशी पुटपुटल्या, “गुरुजी, परत नका बोलावू, ठेवायला जागा नाय.” वडील हसले नाहीत. आता पिशवी उचलून निघतील, असं मला वाटलं.

हातोडे सुरू झाले. वडील मात्र थांबले. एक बोर्ड हातात घेऊन म्हणाले, “यात सोनं कुठंय?” मी कडेची पिवळी रेघ दाखवली. चष्मा कपाळावर चढवून ते पाहत राहिले.

तेवढ्यात शेजारच्या कारखान्याचे मालक आत डोकावले. वडिलांचे जुने यजमान. “अरे, गुरुजी! तुम्ही इकडं भंगारात कसे?”

‘पूजेला आलोय’ एवढंच म्हणाले असते तरी ते खोटं ठरलं नसतं.

“मुलाचा कारखाना आहे,” वडील म्हणाले. बोर्ड अजून त्यांच्या हातातच होता. “तुमच्याकडे बंद पडलेलं काही असेल तर याच्याकडे पाठवा.”