कुलपातली बत्तिसावी सायकल

नमस्कार मंडळी. या सदरातले अनुभव मी आजवर संध्याकाळच्या चहाबरोबर वाचत आले आणि मनातल्या मनात प्रत्येकाखाली लाल शाईने शेरा मारत आले – 'सिद्धता अपूर्ण'. बावीस वर्षं गणित शिकवते आहे. करणी, चकवा, बाहेरचं, यातलं काहीच मी कधी मानलं नाही. मांजर आडवं गेलं तर मांजराला घाई असेल म्हणून त्याला आधी जाऊ देते, एवढंच. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे… पण कुणाला तरी सांगायला हवं.

श्रीवर्धनहून हरिहरेश्वरकडे जाताना रस्त्याला लागूनच आमचं हायस्कूल आहे. गावाचं नाव देत नाही. मुलीचंही नाव बदललं आहे, तिला आपण दर्शना म्हणू. शाळेत आजूबाजूच्या वाड्यांवरून मुलं येतात, काही तर सहा-सहा किलोमीटरवरून. एसटीच्या वेळा आणि शाळेच्या वेळा यांचं कधी जमलंच नाही, म्हणून बहुतेक सगळी सायकलवर. इतकी वर्षं या सायकली कंपाउंडबाहेर सुरूच्या झाडांखाली उभ्या असायच्या. खाऱ्या वाऱ्याने चेन गंजायच्या, पंप पळवले जायचे, कधी आख्खी सायकलच जायची.

यंदा जूनमध्ये मुंबईतल्या माजी विद्यार्थ्यांनी कंपाउंडच्या आत पक्की शेड बांधून दिली. वर निळे पत्रे, तिन्ही बाजूंना जाळी, पुढे फाटक आणि फाटकाला कुलूप. सव्वा वर्ष मी त्यांच्या मागे लागले होते. स्टाफरूममध्ये सगळे मला चिडवायचे, "मॅडम, बैल गेला नि झोपा केला!" मी हसायचे, पण ते वाक्य मला लागायचं. का ते पुढे कळेलच.

किल्ली माझ्याकडे. अकराला पाच कमी असताना कुलूप लावायचं, पाचला उघडायचं, शनिवारी सकाळची शाळा म्हणून त्या दिवसाच्या वेळा वेगळ्या. लावताना मी सायकली मोजायचे. सवय, दुसरं काय! यादीप्रमाणे एकतीस सायकली. पहिल्याच आठवड्यात मोजल्या तर बत्तीस भरल्या.

वाटलं, एखाद्या मुलाने यादीत नाव दिलं नसेल. संध्याकाळी फाटकात उभी राहिले आणि एकेकाला नाव विचारून सायकल बाहेर सोडली. एकतीस नावं, एकतीस सायकली, शेड रिकामी. दुसऱ्या दिवशी कुलूप लावताना पुन्हा बत्तीस. आमचे शिपाई महादूमामा, माणूस अगदी सरळ, त्यांना मोजायला लावलं. तेही बत्तीसच म्हणाले. मोबाइलवर फोटो काढला तर फोटोत एकतीस, आणि भिंतीकडची शेवटची जागा मोकळी.

मग मी नववीच्या मुलींना सहज विचारलं, की त्या टोकाच्या जागेत कुणी सायकल का लावत नाही? गर्दीत हँडलात हँडल अडकतात, तरी ती जागा रिकामी कशी? त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. तिथे आधीच एक लावलेली असते, म्हणाल्या. कुणाची ते त्यांना ठाऊक नव्हतं, प्रत्येकीला वाटायचं दुसऱ्या वर्गातली असेल. कशी दिसते म्हटलं, तर एक म्हणाली, सीटला काळ्या छत्रीच्या कापडाचं कव्हर आहे, लाल दोऱ्याने शिवलेलं.

मंडळी, मी तिथेच बाकावर बसले. ती सायकल मला माहीत होती.

पाच वर्षांपूर्वी दर्शना नववीत होती. घर सहा किलोमीटरवर, बाप बागायतदाराकडे सुपाऱ्या सोलायला, आईने जुनी छत्री उसवून सायकलच्या सीटला कव्हर शिवलेलं. गणितात हुशार, म्हणजे खरंच हुशार – उत्तर आलं तरी दुसऱ्या रीतीने येतं का बघायची. एक दिवस तिने मला विचारलं, बाहेर कुणीतरी सायकलींशी खेळतं, तर मी माझी प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात लावू का? मी म्हटलं, "ही शाळा आहे, सायकलचं दुकान नाही." वर्ग हसला. त्याच आठवड्यात तिची सायकल चोरीला गेली. काही दिवस ती चालत आली, मग पावसाने जोर धरला, आणि ती यायची थांबली. मी एकदा निरोप पाठवला. मग सहामाही आली, पोर्शन राहिला होता… आणि मी विसरले. खोटं कशाला बोलू, विसरलेच.

मला वाटलं, पोरीचं काही बरंवाईट झालं असणार. महादूमामांनी चौकशी केली तर ती चांगली जिवंत होती. गेल्या वर्षी लग्न झालं होतं, सासर म्हसळ्याच्या बाजूला. मला हायसं वाटलं आणि दुसऱ्याच क्षणी जास्त भीती वाटली. मेलेल्या माणसाचं भूत होतं असं लोक सांगतात तरी, जिवंत माणसाचं असं काही कधी ऐकलं नव्हतं.

त्या रविवारी मामांना घेऊन मी तिच्या सासरी गेले. दर्शना बारीक झाली होती, पण मला बघून तिचा चेहरा फुलला. ती चहा ठेवायला आत गेली आणि सासूबाईंनी आल्या पाहुण्याला सांगावं तसं दुखणं सांगायला सुरुवात केली. जूनपासून सून दिवसाढवळ्या झोपते. झोपते म्हणजे कशी? हलवलं तरी उठत नाही, डोळे अर्धे उघडे, पाय तेवढे हलत असतात. सकाळी अकराच्या सुमारास पडते ती पाचला उठते. शनिवारी सकाळीच पडते आणि दुपारच्या आत उठते. रविवारी काही नाही. डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून गोळ्या दिल्या, भगताने नारळ उतरवला, दोघांचाही काही उपयोग नाही. "दोनदा चूल पेटती ठेवून पडली," सासूबाई म्हणाल्या. "एक दिस घर पेटंल नायतर ही तरी. माहेरी धाडायचं ठरतंय आमचं."

शनिवार, रविवार… हे वेळापत्रक त्या घरात कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. मी विचारलं, मधे कधी उशिरापर्यंत झोपली होती का? हो, गेल्या गुरुवारी, दिवेलागण झाली तरी उठली नव्हती. त्या गुरुवारी आमची मीटिंग लांबली होती. मुलं खोळंबली होती आणि मी फाटक पावणेसातला उघडलं होतं.

दर्शना चहा घेऊन आली. कप माझ्या हातात देताना हळूच म्हणाली, "मॅडम, ते कुलूप तुम्हीच लावता ना?"

मी मान हलवली.

"मी सायकल लावते भिंतीकडं. मंग वर्गात जायला निघते, तर फाटक बंद झालेलं असतं. मी हाका मारते, तुम्हाला ऐकूच जात नाय." जरा थांबून म्हणाली, "पत्रे निळे हायत ना? एक जाळी खालून सुटलीय."

जाळी सुटलेली होती. शेड झाल्यापासून ती शाळेकडे फिरकलेली नव्हती.

सोमवारी मी कुलूप लावलं नाही. दुपारी फोन केला, तर सासूबाई म्हणाल्या, आज जराशी लवंडली न् उठली, भाकऱ्या पण केल्या तिने. मंगळवारीही तसंच. बुधवारी आठवीतल्या एका मुलीचा पंप गेला आणि ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी. मॅडम, कुलूप लावा ना, सायकल गेली तर पप्पा शाळेत पाठवणार नाहीत, म्हणाली. तिला काय सांगणार होते मी? एकीला वाचवायला एकतिसांच्या सायकली उघड्यावर टाकायच्या? आणि तिला नाही म्हणायची माझ्यात आता हिंमतही नव्हती.

मी दर्शनाच्या नवऱ्याला फोन केला. साधा मुलगा, टेम्पो चालवतो. म्हटलं, उद्या तिला शाळेत घेऊन ये, कुलूप लागायच्या आधी. काय करायचं ते मलाही माहीत नव्हतं.

गुरुवारी पावणेअकराला तो मोटरसायकलवरून तिला घेऊन आला. मुलं प्रार्थनेला मैदानात होती. शेडपाशी आम्ही चौघंच – ती, तिचा नवरा, महादूमामा आणि मी. दर्शना सरळ आत गेली, सायकलींच्या रांगेला वळसा घालून भिंतीपाशी थांबली. तिथे काही नव्हतं. म्हणजे मला काही दिसत नव्हतं. तिने वाकून सीटवरून हात फिरवावा तसा हवेत हात फिरवला, दोन्ही मुठी हँडल धरल्यासारख्या मिटल्या आणि पायाने स्टँड मागे उडवला.

खट्ट आवाज झाला. तिघांनीही ऐकला.

मग ती मागे वळली आणि चालू लागली. रिकामे हात पुढे धरून, अंग जरा तिरकं करून, सायकल हातात धरून नेताना आपण चालतो तसं. ती माझ्या शेजारून गेली तेव्हा टिक टिक टिक टिक… फ्रीव्हीलचा आवाज. माझ्या कमरेच्या उंचीवर, इतका जवळ की मी पाय मागे घेतला. महादूमामांनी हात जोडले. तिचा नवरा खाली मातीकडे बघत होता. मातीवर एकच ओळ होती, तिच्या चपलांची.

फाटकाबाहेर मी तिला गाठलं. रात्रभर एकच गोष्ट ठरवली होती, ती बोलले. सतरा नंबरचा फॉर्म भरू, बाहेरून दहावीला बस, गणित मी शिकवीन, रविवारी मी तुझ्याकडे येत जाईन. हात जोडून म्हटलं, तुझी माफी मागते. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, लोभानेही नाही. एसटीत शेजारी बसलेल्या बाईकडे बघावं तसं.

"बघू मॅडम," म्हणाली.

नवऱ्याने गाडी सुरू केली, ती मागे बसली. आणि निघताना तिने उजवा हात बाजूला लांब करून धरला होता, मूठ मिटून. पंक्चर झालेली सायकल गाडीच्या बाजूने ओढून नेतात ना, तसा. वळणापर्यंत तो हात तसाच होता.

त्या दिवशी एकतीस भरल्या. त्यानंतर रोज एकतीसच. आता मुली त्या जागेतही सायकली लावतात.

मी सुटले असं मला वाटलं. गणपती झाल्यावर फॉर्मसाठी फोन केला. फोन तिनेच उचलला. आवाज खणखणीत. दिवसाची झोप पूर्ण गेली होती, वजन वाढलं होतं, सासूबाई खूश होत्या, माहेरी पाठवायचं कुणी बोलत नव्हतं. मी म्हटलं, अगं, फॉर्म कधी भरायचा?

"कसला फॉर्म?"

मी सांगितलं. दहावी, गणित, रविवार, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"नको मॅडम," ती म्हणाली. "पयलं लई वाटायचं. आता काय वाटतच नाय. शाळा आठवायला गेले तरी डोळ्यासमोर येत नाय."

बरं झालं, असं मी म्हणाले आणि फोन ठेवला. आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत रडले.

आवाज कुठून आला, मोजणीत एक जास्त कशी यायची, तिला माझ्या कुलपाची वेळ कशी कळायची, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी शोधायचंही सोडलं आहे. मला रात्रंदिवस खातंय ते वेगळंच. पाच वर्षं तिच्यातलं काहीतरी शाळेत यायची वाट बघत होतं. शेड झाल्या झाल्या ते आलं, अगदी वेळेवर, रोज. आणि मी त्याला वर्गात घ्यायचं सोडून दुसऱ्यांदा घरी पाठवलं.