देवळीतली बाटली

राधानगरीकडच्या आमच्या गावात हंबीररावांना सगळे डॉक्टर म्हणतात. खरं तर ते जनावरांच्या दवाखान्यात कंपौंडर. खूर कापायला मारक्या म्हशीला गुंगीचं इंजेक्शन दिलं, की ते तिच्या नाकपुडीपुढं तळवा धरून बसत. गरम वाफ हातावर येत राही. म्हैस उठून उभी राहिली की मगच चहा.

उरलेलं औषध ते ज्याच्या त्याच्या गोठ्याच्या भिंतीतल्या देवळीत ठेवत, जोतिबाच्या गुलालाशेजारी. त्या देवळीत वावगा हात जात नाही, ही आमच्याकडची समजूत. ती कुलपापेक्षा बळकट.

यंदा पाऊस सरता सरता मोठ्या डॉक्टरांनी त्यांना बोलावलं. "शहरात पोरं हे टोचून घ्यायला लागलीत, हंबीरराव. श्वास मंदावून जीव जातो. वरून हुकूम आलाय, बाटली कुलपातच पाहिजे. बाहेरच्या सगळ्या परत आणा."

हंबीरराव तशीच फटफटी काढून गोठे फिरू लागले.

"देवाच्या राखणीवर इश्वास न्हाय व्हय डॉक्टर?" शेजारची आक्का हसली. "ऱ्हाऊ द्या की. आमचं म्हातारं लई घोरतंय."

एरवी हंबीररावांनी तिच्या थट्टेची परतफेड केली असती. आज त्यांनी नुसती बाटली घेतली.

शेवटी स्वतःचा गोठा. देवळीत गुलालावर बाटलीच्या बुडाचा गोल उमटलेला, आणि बाजूला बोटं फिरल्याच्या रेघा. बाटली नव्हती.

"कुणी हात घातला गं हितं?"

त्यांची बायको बाळाबाई वैरण टाकत होत्या. "देवाच्या देवळीत कोण हात घालतंय?"

"यशराज कुठाय?"

"माडीवर. शहरातनं काम सोडून आल्यापासनं झोपूनच असतंय पोरगं."

हंबीरराव जिना चढले. लेक भिंतीकडं तोंड करून पडला होता. त्याच्या नखांत गुलाल होता. त्यांनी नाकापुढं तळवा धरला. काहीच आलं नाही. मग बारीक वाफ आली. मग पुन्हा काही नाही.

जीपमध्ये माणसांच्या दवाखान्यापर्यंत तो तळवा हलला नाही.

"काय घेतलंय यानं?" तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

बाळाबाईंनी नवऱ्याचं मनगट आवळलं. "बोलू नगासा," त्या कुजबुजल्या. "नोकरी जाईल. पोलीस येतील."

लेकाचे ओठ निळे पडत होते.

"म्हशीचं गुंगीचं औषध हाय," हंबीरराव म्हणाले. आक्काकडून आणलेली बाटली त्यांनी खिशातून काढून पुढं केली. "हेच. माझ्या गोठ्यातलं. मीच ठेवलेलं."

पोरगा वाचला. हंबीररावांची चौकशी अजून चालू आहे. दुपारी यशराजचा डोळा लागला, की ते हातातलं काम टाकून दबक्या पावलांनी त्याच्याजवळ येऊन बसतात.

"आबा, जागा हाय की मी," तो डोळे न उघडता म्हणतो.

"व्हय रं," हंबीरराव म्हणतात. तळवा तिथंच असतो.