मामांची बटणं परत द्या

गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, माझ्या मामांवर अन्याय झाला. दुसऱ्याचे कष्ट वाचवण्यासाठी स्वतः एवढे कष्ट उपसणारा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा नाही, हे मी छातीठोकपणे लिहितो. ज्याला पटत नसेल त्याने पिंप्राळ्यात येऊन मामांची स्कूटर बघावी. तिला मागच्या सीटजवळ मामांनी दुसरा हॉर्न बसवलाय, खास मामींसाठी. "धोका आधी तिलेच दिसस," मामा म्हणतात, "मंग मले सांगाम्हा येळ कसाले वाया घालाडू?" तेव्हापासून मामी कॉलनीपासून स्टेशनपर्यंत हॉर्न वाजवत जातात आणि मामा रस्त्याकडे न बघता ओळखीच्यांना नमस्कार करत.

मामा जळगावातल्या एका सरकारी कचेरीत कारकून. तिथे कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीच्यांनी त्याला हार घालून त्यावर कापड झाकलं. मामांनी कापड काढलं. रोज तीच पत्रं पहिल्या ओळीपासून टाइप करायची हे त्यांना बघवेना. मग इंग्रजी पुस्तकातून एकेक शब्द लावत ते पंधरा-वीस ओळींच्या स्क्रिप्ट लिहायला शिकले. स्क्रिप्ट जमली की प्रोग्रॅमच्या विंडोत वरच्या पट्टीवर एक नवं बटण उमटायचं. ते दाबलं की तारीख, मायना, मजकूर, सगळं आपोआप हजर. फक्त नाव भरायचं. आमच्या संघटनेची पत्रकं छापणाऱ्या डीटीपीवाल्याकडेही त्यांनी असं एक बटण बसवलं. दाबलं की 'आम्ही तीव्र निषेध करतो'पासून खालच्या घोषणांपर्यंत सगळं तयार! मी भडकलो. मामा शांतपणे म्हणाले, "भाचा, तुना निषेध दर आठवडाले तोच शे. शिव्या तेवढ्या नव्या घाल."

पण बटणांना नावं देण्याची त्यांची रीत न्यारी. ज्याच्या हेलपाट्यांमुळे बटण सुचलं, त्याचंच नाव. धरणगावच्या एक अक्का विधवा-पेन्शनच्या अर्जासाठी चार वेळा आल्या, म्हणून त्या अर्जाच्या बटणावर रोमन लिपीत 'अक्का'. असे नाना, दोन आबा, एक चाळीसगावचे भाऊ. पट्टीवर पंगतच बसलेली.

त्या दिवशी नवे साहेब मशीनसमोर येऊन बसले. "ही अक्का कोण?"

"धरणगावच्या आहेत, साहेब."

"आणि हे आबा? दोन-दोन?"

"एकांना ऐकू येत नाही, साहेब. दुसरे रागीट आहेत."

"ही कचेरी आहे की तुमच्या घरचं लग्न?" साहेब गरजले, आणि त्यांनी खासगी कारभार समजून मशीन साफ पुसून घेतलं. पेन्शन, दाखले, तीन वर्षांची मेहनत, सगळं गेलं. मामांनी नीट सांगितलं असतं तर! पण साहेबांनी माणसांबद्दल विचारलं, आणि मामांनी माणसांबद्दलच सांगितलं.

मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये घुसलो. तासभर भांडलो. शेवटी साहेब, लिहायला जिवावर येतं पण लिहितो, ओशाळले. म्हणाले, "बटणं आणून दाखवा. कामाची निघाली तर मी स्वतः लेखी मंजुरी देतो." मी धावत मामांकडे गेलो. तर मामांकडे एकही प्रत नाही! जो मागेल त्याला ते फ्लॉपी भरून देत आले, धुळ्यापर्यंत. स्वतःसाठी ठेवलीच नाही. "मशीनम्हा शे ना बठ्ठं," सगळं मशीनमध्येच तर आहे, असं वाटायचं त्यांना. आता डोळ्यांत मोतीबिंदू, निवृत्तीला चार महिने. पुन्हा सगळं लिहिणं व्हायचं नाही. परवा ते दोन बोटांनी एक पेन्शनचा अर्ज टाइप करत होते. बाहेर बाकावर सात जण बसलेले. वरच्या रिकाम्या पट्टीकडे बघून हळूच म्हणाले, "बठ्ठा उठी ग्यात रे."

म्हणून तुम्हाला सांगतो, धुळ्या-जळगावच्या कारकुनांनो, मास्तरांनो, डीटीपीवाल्यांनो: मामांनी हिरव्या शाईने अक्का-आबांची नावं लिहून दिलेली फ्लॉपी तुमच्या खणात पडली असेल. तिच्यावर पोरांचा गेम भरू नका. उद्याच्या उद्या पिंप्राळ्यात आणून द्या. मामा घरी नसले तर मामींच्या हातात द्या, आणि चहा घेतल्याशिवाय निघू नका.