विहिरीकडचा कोपरा

शाळेतल्या सरांचं पत्र आलं तेव्हा मी बहारीनमध्ये, बाब अल बहारीनच्या वेशीमागे एका कापडदुकानाच्या गच्चीवर एसीच्या डक्टचा पत्रा बसवत होतो. गावाहून सुट्टी संपवून आलेल्या एकाने ते आमच्या कामगारांच्या कॅम्पवर न ठेवता थेट साइटवर आणून दिलं, कारण पाकिटावर सरांनी लाल शाईत 'तातडीचे' लिहिलं होतं. आई गेली असणार असं धरूनच मी पाकीट फोडलं.

आत आईची खुशाली होती आणि एक काम होतं. आमच्या खोऱ्यातल्या सहा हायस्कुलांचा मिळून जो क्रीडासंघ होता, तो आता बंद होणार होता. मुलं मुंबईला जायला लागली, दोन शाळांना तर कबड्डीला सात गडी उभे करता येईनात. बंद करण्याआधी एक समारंभ करायचा आणि संघाचा इतिहास छापायचा असं ठरलं होतं. "तुझं अक्षर चांगलं आणि तुझ्याइतकं कुणाला आठवत नाही. तूच लिही," असं सरांनी लिहिलं होतं. खाली वेगळी ओळ होती: "ढाल आपल्याकडे आली त्या वर्षाबद्दल काय लिहायचं ते तुला ठाऊकच आहे."

ठाऊक होतं. फिरती ढाल आमच्या शाळेने एकदाच जिंकली. ती जिंकून देणारी शेवटची चढाई माझी होती, आणि कागदावर ती दुसऱ्याच्या नावाने आहे. तो दुसरा रिफाला राहतो, माझ्याच कंपनीत सुपरवायझर आहे, आणि मी बहारीनमध्ये आहे तो त्याच्यामुळे. त्या पानावर नाव कुणाचं घालायचं, एवढाच प्रश्न होता.

मी नववीतून शाळा सोडलेला. इतिहास कसा लिहितात मला माहीत नव्हतं. कॅम्पवरच्या मंडळींची घरी जाणारी पत्रं मात्र मीच लिहायचो, तेव्हा पत्रासारखंच लिहायला बसलो.

संघ निघाला तो रागातून. त्याआधी आमच्या खोऱ्यातल्या शाळा तालुक्याच्या गावी स्पर्धेला जायच्या आणि पहिल्याच फेरीत हरून परत यायच्या. हरण्याचं कुणाला फार वाटत नसे. पण एका वर्षी तिथे शहराच्या शाळेची मुलं आधी जेवली आणि आमच्या मुलांना व्हरांड्यात थांबवून उरलेलं वाढलं. आमटीत पाणी घातलेलं कळत होतं, असं सर सांगायचे. त्या दिवशी सहा शाळांचे मुख्याध्यापक एस.टी. स्टँडवर गाडीची वाट बघत उभे होते. गाडी दोन तास आली नाही, आणि तेवढ्या वेळात त्यांनी ठरवून टाकलं की पुन्हा इथे यायचं नाही, आपली स्पर्धा आपण घ्यायची.

त्यांनी नियमही तिथेच केले. ज्या गावी सामने, त्या गावाने सगळ्यांना एका पंगतीत जेवू घालायचं आणि पाहुण्या मुलांना आधी वाढायचं. मैदानाची फक्की यजमान शाळेने मारायची नाही, पाहुण्यांनी मारायची, म्हणजे रेषेवरून भांडण नको. आणि सामन्याआधी प्रत्येक शाळेने आपला हजेरीपट समोरच्या शाळेच्या मास्तरांच्या हातात द्यायचा. त्यांनी नावं वाचायची, ज्याचं नाव त्याने 'हजर' म्हणायचं. पटावर नाव नसलेला मुलगा खेळताना सापडला तर शाळा तीन वर्षं बाहेर. एक शाळा अशी खरोखरच बाहेर गेली होती. तिचे मुख्याध्यापक त्या तीन वर्षांत एकाही लग्नाला खोऱ्यात दिसले नाहीत.

हे सगळं मी भराभर लिहिलं. मग ढालीचं वर्ष आलं आणि पेन थांबलं.

त्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले. मी नववी अर्धी टाकून चिरेखाणीवर जायला लागलो. जूनमध्ये शाळेने माझं नाव पटावरून कमी केलं. दिवाळीनंतर एक दिवस सर खाणीवर आले. सदरा लाल धुळीने भरू नये म्हणून लांबच उभे राहिले आणि मला हाक मारली.

"खांदे बरे झालेत तुझे," ते म्हणाले.

"चिरे उचलून झालेत, सर."

"दोन दिवस येशील? मुकादमाशी मी बोलतो."

"माझं नाव नाय आता पटावर."

"नावाचं मी बघतो," सर म्हणाले.

मी गेलो, ते मला जायचंच होतं म्हणून. कुणी ओढून नेलं नाही, हे मी आज मान्य करतो. नाव दिलं ते माझ्याच वर्गातल्या एका मुलाचं. तो तेव्हा दहावीत होता, हजेरी पूर्ण, वयही माझंच. त्याला खेळाचं अंग नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या शाळांना त्याचा चेहरा माहीत नव्हता. मीही आधी कधी शाळेच्या कबड्डीच्या चमूत नव्हतो. एकाच नावाची दोन मुलं मैदानावर नकोत म्हणून सामन्यांचे दोन्ही दिवस तो घरात बसून राहिला. हे कुठे बोलणार नाही म्हणून सरांनी आम्हा सगळ्यांना ग्रामदेवतेपुढे नारळावर हात ठेवायला लावला होता.

अंतिम सामना नदीपलीकडच्या शाळेत, त्यांच्याच मैदानावर. मैदानाच्या एका अंगाला शाळेची इमारत, दुसऱ्या अंगाला विहीर. त्यांच्या मास्तरांनी पट वाचला. त्याचं नाव आलं आणि मी 'हजर' म्हणालो. आवाज जरासुद्धा कापला नाही. त्याची मला अजून लाज वाटते आणि थोडा अभिमानही वाटतो.

शेवटची चढाई आली तेव्हा आम्ही दोन गुणांनी मागे होतो. मी विहिरीच्या बाजूने शिरलो, कारण तिकडचा कोपरा सांभाळणारा गडी घाई करणारा होता हे मी बघून ठेवलं होतं. मी पाय मुद्दाम आत ठेवला. त्याने घोटा धरला. त्याच्या शेजारचा कमरेला पडला, तिसरा पाठीवर आला. खाणीत दरड सरकताना माणूस जसा खाली वाकून पुढे निसटतो तसा मी निसटलो आणि पालथा पडलो. हाताची दोन बोटं मध्यरेषेच्या फक्कीत होती. तीन गडी बाद, सामना एका गुणाने आमचा. पोरांनी मला उचललं आणि त्याच्या नावाने ओरडली.

सर्टिफिकेट त्याच्या नावाचं निघालं. त्यावर त्याला डिप्लोमाला खेळाडूंच्या राखीव जागेवर प्रवेश मिळाला. मी पुन्हा खाणीवर गेलो.

तो वाईट माणूस नाही. लिहायला नको वाटतं, पण खरं तेच आहे. इकडे येऊन स्थिरावल्यावर त्याने स्वतःहून पत्र पाठवलं, व्हिसा पाठवला. आखाती युद्धाच्या वेळी कंपनीने निम्मे हेल्पर घरी धाडले, त्याने माझं नाव त्या यादीत जाऊ दिलं नाही. सलमानियाच्या हॉस्पिटलात माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा तो ड्युटी संपवून रोज उशाशी येऊन बसायचा, घरून मऊ भात आणायचा. साइटवर मी त्याला साहेब म्हणतो, घरी अरे-तुरे. त्याने दोन्ही चालवून घेतलं आहे.

तरी मी खरं लिहिलं. त्या पानांत चढाई कशी झाली ते लिहिलं नाही, ते मला कागदावर उतरवताच येईना. एवढंच लिहिलं, की त्या वर्षी शेवटची चढाई करणारा मुलगा पटावर नव्हता, आणि तो मी. पानं घेऊन शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, रिफाला त्याच्या घरी गेलो.

त्या दिवशी त्यांच्याकडे अजून एक मराठी जोडपं जेवायला होतं. वहिनी वाढता वाढता म्हणाल्या, "यांचं पोट बघू नका आता. शाळेत एका चढाईत तीन गडी मारलेत यांनी. गावाकडे मोठा समारंभ आहे, प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलंय."

"काय सांगता," पाहुणे म्हणाले.

"विचारा की भावजींना. एकाच गावचे ना."

मी म्हणालो, "हो तर. मोठं नाव होतं त्याचं." त्याने मान वर केली नाही, भातावर ताक घालत राहिला. वहिनींना त्याने कधी सांगितलंच नव्हतं, ते मला त्या क्षणी कळलं.

मला कॅम्पवर सोडायला निघाला तेव्हा त्याने गाडी इमारतीखालीच उभी ठेवली, एसी चालू केला आणि पानं वाचली.

"अक्षर अजून तसंच आहे तुझं," तो म्हणाला.

"वाचलंस?"

"वाचलं. यात खोटं काय आहे? काहीच नाय." त्याने पानं नीट घडी केली. "कंपनी सगळ्यांचे कागद परत तपासतेय, तुला ठाऊक आहे. माझ्या फाइलीत ते सर्टिफिकेट पहिलं आहे."

"पुस्तक मराठीत. ते इथे कोण वाचतंय?"

"आपलीच माणसं वाचतील, आणि तीच जाऊन सांगतील." पानं माझ्या हातात देत म्हणाला, "मी नको म्हणत नाय रे. तुझा हक्क आहे. फक्त मी खलास झालो तर तुझा व्हिसा कोण रिन्यू करणार, तेही त्यातच लिहून ठेव." आणि हसला. मीही हसलो. माझ्या पासपोर्टावर देश सोडायच्या परवानगीचा, एमिग्रेशनचा शिक्का लागतो, दहावी नसलेल्याला लागतो तो. बाहेर फेकला गेलो तर परत येणं काय असतं ते मला माहीत आहे. आणि भीती वाटली नसती तरी तो मऊ भात मी खाल्लाच होता.

आठवडाभरात मी ते पान पुन्हा लिहिलं. 'शेवटच्या चढाईत तीन गडी बाद करून' आणि पुढे त्याचं नाव. एकही खाडाखोड झाली नाही.

पुढच्या शुक्रवारी त्याने ते वाचलं, आणि मान खाजवत म्हणाला, "एक काम कर. ती चढाई मला नीट सांग. सभेत कुणी विचारलं तर तोंड कुठे लपवू?"

वहिनी शेजारी गेल्या होत्या. आम्ही सोफा भिंतीला सरकवला. गालिच्याची एक कड ही मध्यरेषा धरली, खिडकी ही विहीर, टीव्ही ही शाळेची इमारत. मी त्याला वाकायला शिकवलं. पाय कुठे पडला, घोटा कसा धरला, पाठीवर ओझं आलं तेव्हा श्वास कुठे अडकला, सगळं सांगितलं. तो धापा टाकत करून बघत होता. आतून त्याची मुलगी आली आणि म्हणाली, "पपा, व्हॉट आर यू डूइंग?"

"कबड्डी. यू गो अँड स्टडी."

"आणि शिरलो कुठून?" त्याने मला विचारलं.

मी खिडकीकडे बघितलं. मग म्हणालो, "इमारतीकडून. इमारतीकडचा कोपरा कच्चा होता."

हे मी ठरवून केलं नाही. तोंडातून निघून गेलं आणि मग मागे घ्यावंसं वाटलं नाही. बाकी सगळं मी त्याला देऊन टाकलं होतं. तेवढं एक माझ्याकडे राहावं असं वाटलं असेल, किंवा त्याला सभेत कुणीतरी पकडावं असं वाटलं असेल. तो टीव्हीकडून दोनदा शिरला आणि त्याने ते पाठ केलं.

तो सुट्टीवर गेला तेव्हा मला दुसरीच चिंता लागली. नदीपलीकडच्या शाळेचा तो कोपऱ्यातला गडी समारंभाला आला तर? त्यानेच माझा घोटा धरला होता, विहिरीकडे. तो उभा राहून म्हणेल, साहेब, तुम्ही तिकडून आलाच नव्हता. मग मी चुकीचं शिकवलं हे याला कळेल. तरीही तसं व्हावं असं मला दिवसातून दहा वेळा वाटायचं. साइटवर फोरमनने हाक मारली तरी दचकायचो. एकदा खरं काय ते कळवायला पत्रही लिहायला घेतलं, पण ते पोचायच्या आत समारंभ होऊन जाणार होता.

महिन्याने तो परत आला. माझ्यासाठी आईने दिलेले कुळथाच्या पिठाचे डबे त्याने स्वतःच्या बॅगेत आणले होते, आपले चार कपडे कमी करून. प्लँटरूमबाहेर आम्ही उभे राहिलो.

"झालं सगळं छान," तो म्हणाला. "सर थकलेत, पण आले होते. पुस्तक वाटलं. मला चढाई सांगायला लावलीच पोरांनी."

"मग?"

"सांगितली. आणि गंमत ऐक. त्या शाळेचा एक गडी बसला होता पुढे. म्हातारा दिसतो आता. उठून म्हणाला, बरोबर, इमारतीकडच्या कोपऱ्यात मीच होतो, यांचा घोटा मीच धरला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मिठी मारली त्याने."

"इमारतीकडच्या म्हणाला?"

"हो. अगदी बोट करून दाखवलं, समारंभ त्यांच्याच शाळेच्या मैदानावर तर ठेवला होता. विहीर बुजवली त्यांनी आता." त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. माझा चेहरा कसातरी झाला असणार. "का रे? नीट सांगितलं ना मी?"

"नीट सांगितलंस," मी म्हणालो. "अगदी तसंच झालं होतं."